बारावी विज्ञान : वेळेचा हिशेब आणि रोजचे आत्मपरीक्षण (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

महाराष्ट्र राज्य मंडळाच्या बारावी विज्ञान शाखेत शिकणाऱ्या आणि त्याच वर्षी एमएचटी-सीईटीची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांनी वर्गात, प्रयोगशाळेत आणि पालकसभेनंतर मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले, त्यांची उत्तरे येथे एकत्र लिहिली आहेत. मी तालुक्याच्या ठिकाणी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो आणि माझे निम्म्याहून अधिक विद्यार्थी आसपासच्या गावांतून एसटीने ये-जा करतात, त्यामुळे उत्तरांतले दाखले त्यांच्या दिवसातले आहेत. वेळेचे नियोजन आणि आत्मपरीक्षण हे दोन निरनिराळे विषय समजले जातात. मला मात्र ते एकाच वहीतले काम वाटते. काल वेळ कुठे गेला हे ज्याला सांगता येत नाही, त्याचे उद्याचे नियोजन अंदाजपंचेच राहते.

जूनमध्ये मन लावून केलेले वेळापत्रक आठवडाभरातच का कोलमडते?

कारण ते मोजून केलेले नसते, इच्छेवर बेतलेले असते. "पहाटे ५ ते ७ गणित, ७ ते ८ रसायनशास्त्र" असे लिहिताना विद्यार्थ्याच्या डोळ्यांसमोर एक असा दिवस असतो की ज्या दिवशी वीज जात नाही, एसटी वेळेवर येते, घरी पाहुणे येत नाहीत आणि इंटिग्रेशनचे उदाहरण पहिल्याच प्रयत्नात सुटते. असा दिवस महिन्यातून एखादाच उगवतो. उरलेल्या दिवशी वेळापत्रक सकाळीच तासभर मागे पडते, दुपारपर्यंत त्याचा धागा सुटतो आणि आठवड्याच्या शेवटी भिंतीवरचा तो कागद पाहणेसुद्धा नकोसे होते.

कामाला लागणारा वेळ कमी धरण्याची ही खोड केवळ विद्यार्थ्यांची नाही. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्व्हर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये तिला स्वतंत्र नाव दिले. पुढे १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विद्यापीठातील विद्यार्थ्यांना त्यांचा प्रबंध किती दिवसांत पुरा होईल असे विचारले गेले, तेव्हा त्यांच्या उत्तरांची सरासरी सुमारे ३४ दिवस भरली. प्रत्यक्षात सरासरी ५५ दिवसांहून अधिक लागले. प्रबंध लिहिण्याइतकी मोठी झालेली मुलेही जर आपल्याच कामाचा अंदाज इतका चुकवत असतील, तर सतरा वर्षांच्या मुलाने स्वतःला आळशी ठरवण्याचे काही कारण नाही. त्याने अंदाज करण्याची रीत तेवढी बदलावी. म्हणून माझा पहिला सल्ला असा असतो की पहिल्या आठवड्यात वेळापत्रक करूच नये. सात दिवस फक्त नोंद ठेवावी.

ही नोंद नेमकी कशी ठेवायची?

शंभर पानांची एक साधी वही घ्यावी. प्रत्येक दिवसाला एक पान द्यावे आणि काम बदलले की वेळ आणि काम एवढेच लिहावे. रंगीत पेन, पट्टीने आखलेले रकाने किंवा मोबाईलवरचे ॲप यांची गरज नाही, कारण ज्या नोंदीला सजवावे लागते ती तिसऱ्या दिवशी बंद पडते, हे मी अनेक वह्यांत पाहिले आहे. नोंद त्या त्या वेळीच करावी. रात्री आठवून लिहिलेल्या नोंदीत आपण नकळत अभ्यासाचा वेळ वाढवतो आणि गप्पांचा कमी करतो.

एका विद्यार्थिनीने तिच्या वहीतले एक पान मला वर्गात दाखवायला दिले होते. त्यातला भाग असा होता: "५.१५ उठले. ५.५० पर्यंत पाणी, झाडलोट. ५.५० ते ६.२० केमिस्ट्री वाचले. ६.४० ची गाडी ६.५५ ला आली. ७.३० ते १२.४५ कॉलेज. १ ते ३ क्लास. ३ ते ४.१० स्टँडवर. ४.५० घरी. ७.१० ते ८.३० अभ्यास, त्यात दोनदा उठले." आठवडाभर अशी पाने लिहिल्यावर तिला दोन गोष्टी दिसल्या. 'संध्याकाळी दोन तास अभ्यास करते' असे ती घरी सांगत असे, तो वेळ खरोखर एक तास वीस मिनिटे होता. आणि ज्याला ती 'प्रवास' म्हणत होती त्यात स्टँडवर गाडीची वाट पाहण्याचे रोजचे सत्तर मिनिटे होते. क्लास सुटल्यावर लगेच स्टँड गाठण्याऐवजी ती पन्नास मिनिटे तालुक्याच्या ग्रंथालयात बसू लागली आणि तेथे त्या दिवशी शिकवलेल्या भागावरची उदाहरणे सोडवू लागली. गाडी तीच राहिली, घरी पोहोचण्याची वेळही तीच राहिली. आठवड्याला पाच तास मात्र अभ्यासाच्या बाजूला आले. कोणत्याही तज्ज्ञाला तिच्या दिवसातले हे पाच तास बाहेरून दिसले नसते.

कॉलेज, क्लास आणि प्रवास यांतून वेळ उरतच नाही. मग नियोजन कशाचे करायचे?

आठवड्याचे १६८ तास असतात. झोपेला रोज ८ तास धरले तर ५६ तास गेले. सहा दिवस रोज सहा तास महाविद्यालय म्हणजे ३६ तास, सहा दिवस तीन तास क्लास म्हणजे १८ तास, आणि दोन तास प्रवास म्हणजे १२ तास. जेवण, अंघोळ आणि घरातली किरकोळ कामे यांना रोज अडीच तास म्हणजे साडेसतरा तास. ही बेरीज १३९.५ होते आणि २८.५ तास हाती राहतात. म्हणजेच सरासरीने दिवसाला चार तासांहून थोडे अधिक, त्यातलेही बरेचसे रविवारी.

हा आकडा पाहून काही जण खचतात. मी उलट सांगतो की या आकड्याने मोठा दिलासा मिळायला हवा. कॉलेज आणि क्लास दोन्ही करून "रोज दहा तास अभ्यास" ही कामाच्या दिवशी अशक्य गोष्ट आहे, ती कोणी करत असल्याचे सांगत असेल तर तो क्लासचे तासही त्यात धरतो आहे, आणि ती जमत नाही म्हणून स्वतःला दोष देत बसणे व्यर्थ आहे, हे एका बेरजेत स्पष्ट होते. आता प्रश्न फक्त या अठ्ठावीस तासांचा राहतो. प्रत्येकाने ही बेरीज आपल्या आकड्यांनी करावी. वसतिगृहात राहणाऱ्याचे प्रवासाचे बारा तास वाचतात आणि घरची गुरे पाहणाऱ्याचे सात-आठ तास आणखी जातात.

एकूण अभ्यासक्रम आणि हाती असलेला वेळ यांची सांगड कशी घालावी?

सध्याच्या पाठ्यपुस्तकांत भौतिकशास्त्राची १६, रसायनशास्त्राची १६ आणि गणिताच्या दोन भागांत मिळून १५ प्रकरणे आहेत, म्हणजे एकूण ४७. जीवशास्त्र घेतलेल्यांना आणखी १५ प्रकरणे आहेत. जूनच्या मध्यापासून नोव्हेंबरअखेरपर्यंत साधारण २४ आठवडे मिळतात. त्यांतले दिवाळीचे, सणांचे आणि आजारपणाचे चार आठवडे वजा करावेत. वीस आठवड्यांत ४७ प्रकरणे म्हणजे आठवड्याला दोन ते तीन. भाषांना आणि प्रयोगांच्या जर्नलला तीन-चार तास राखून ठेवले तरी एका प्रकरणाला सुमारे दहा तास मिळतात. हे दहा तास सर्व प्रकरणांना सारखे वाटू नयेत. भौतिकशास्त्रातील रोटेशनल डायनॅमिक्स किंवा गणितातील इंटिग्रेशन यांना पंधरा तासही अपुरे पडतात, तर काही प्रकरणे सहा तासांत नीट होतात. पहिल्या दोन-तीन प्रकरणांना प्रत्यक्ष किती वेळ लागला हे आपल्याच वहीतून काढावे आणि पुढचा अंदाज त्या आकड्यावरून करावा.

मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलो. इंग्रजीतले पुस्तक वाचायला मला दुप्पट वेळ लागतो. काय करावे?

हा प्रश्न विचारताना मुले आवाज खाली करतात, म्हणून त्याचे उत्तर मी मोठ्याने देतो: हा वेळ अभ्यासाचाच भाग आहे आणि तो नियोजनात उघडपणे धरला पाहिजे. शेजारच्या बाकावरचा मुलगा चाळीस मिनिटांत जे पान वाचतो त्याला तुम्हाला सत्तर मिनिटे लागत असतील तर वेळापत्रकात सत्तरच लिहा. चाळीस लिहिल्यास तुम्ही रोज स्वतःशी हरत राहाल. प्रकरण सुरू करताना त्यातले पंचवीस-तीस इंग्रजी शब्द मराठी अर्थासह वहीच्या मागच्या पानांवर लिहावेत, संकल्पना आधी मराठीत स्वतःला समजावून सांगावी आणि मग व्याख्या इंग्रजीत पाठ करावी. दिवाळीपर्यंत हा फरक बराच कमी होतो. तो कमी झाला की नाही हे तुमच्याच नोंदीत दिसेल, आणि ते पाहण्याचा आनंद मी अनेकांच्या चेहऱ्यावर पाहिला आहे.

रोजचे आत्मपरीक्षण म्हणजे नेमके काय करायचे?

रात्री झोपण्यापूर्वी दहा मिनिटे, त्याच वहीत, दिवसाच्या नोंदीखाली तीन प्रश्नांची उत्तरे लिहायची. आज ठरवलेल्यापैकी काय झाले? जे झाले नाही ते कशामुळे? उद्या त्यातली कोणती एक गोष्ट बदलायची?

दुसऱ्या प्रश्नाशी बहुतेक जण अडखळतात, म्हणून त्याबद्दल सविस्तर सांगतो. "आज अभ्यास झाला नाही कारण मी आळशी आहे" हे वाक्य माझ्याकडे येणाऱ्या वह्यांत सर्वांत अधिक वेळा आढळते. ते प्रामाणिक वाटते, लिहिणाऱ्याला क्षणभर हलकेही वाटते, पण त्यातून उद्यासाठी काहीही हाती लागत नाही. 'आळशी' हा निकाल झाला आणि निकाल लागला की चौकशी संपते. त्याऐवजी जे घडले ते जसेच्या तसे लिहावे. एका मुलाने पहिल्या आठवड्यात "टंगळमंगळ केली" असे लिहिले होते. मी त्याला विचारले, कोणत्या वेळी, कोठे बसून आणि पुढ्यात काय असताना? तेव्हा त्याने लिहून आणले: "जेवण झाल्यावर ९ वाजता पलंगावर बसून फिजिक्सची न्यूमेरिकल्स घेतली. तिसऱ्या उदाहरणात अडलो. उत्तर शोधायला मोबाईल घेतला. १०.१० ला ठेवला." ही चार वाक्ये वाचल्यावर उपाय सांगण्याची गरजच राहिली नाही. त्याने जड उदाहरणे जेवणाआधी घेतली, पलंग सोडून टेबल धरले आणि अडलेल्या उदाहरणापुढे फुली मारून पुढचे उदाहरण घ्यायचे ठरवले. फुल्या दुसऱ्या दिवशी मला दाखवायच्या. त्याचा आळस काही नाहीसा झाला नव्हता. तो अडत कुठे होता हे तेवढे त्याला कळले होते.

किराणा दुकानदार रात्री गल्ला मोजतो तेव्हा तो स्वतःला चांगला किंवा वाईट ठरवत नाही. किती आले, किती गेले आणि उद्या कोणता माल भरायचा एवढेच पाहतो. आत्मपरीक्षण त्याच वृत्तीने करावे. तिसऱ्या उत्तरात एकच बदल लिहावा. पाच बदल लिहिणारा एकही करत नाही.

आणि हे रात्रीच का? सकाळी लिहिले तर चालणार नाही का?

चालेल, परंतु रात्री लिहिण्याचा एक अधिक लाभ आहे. अमेरिकेतील बेलर विद्यापीठात झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, झोपण्यापूर्वी पाच मिनिटे पुढच्या कामांची यादी लिहिणाऱ्या तरुणांना, झालेल्या कामांची यादी लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी सुमारे नऊ मिनिटे लवकर झोप लागली. अर्धवट राहिलेली कामे कागदावर उतरली की ती मनात घोळत राहत नाहीत. म्हणून वहीतला शेवटचा शब्द कालच्या चुकीचा नसावा, उद्याच्या पहिल्या कामाचा असावा, तोही नेमका: "सकाळी ५.५०, विद्युतरसायन, उदाहरणे १ ते ६". नुसते "केमिस्ट्री करणे" असे लिहिल्यास सकाळची पहिली दहा मिनिटे कोठून सुरू करायचे हे ठरवण्यात जातात.

वही लिहिताना फार अपराधी वाटते, म्हणून ती बंद केली. काय करावे?

दोन दिवस विश्रांती घ्यावी आणि तिसऱ्या दिवशी फक्त पहिल्या प्रश्नाचे उत्तर लिहावे: आज काय झाले. एक उदाहरण सुटले असेल तर एक लिहावे. खाडा पडलेली पाने मागे जाऊन भरू नयेत. ती कोरीच सोडावीत, कारण कोरे पानही खरी नोंदच आहे. मात्र अपराधीपणा अनेक आठवडे राहिला, जेवण-झोप बिघडली, कशातच मन लागेनासे झाले, तर तो नियोजनाचा प्रश्न राहत नाही. अशा वेळी घरी सांगावे, विश्वासाच्या शिक्षकांना सांगावे, डॉक्टरांकडे जावे. केंद्र सरकारची 'टेलिमानस' ही मोफत मानसिक आरोग्य सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र उपलब्ध आहे आणि तेथे मराठीतही बोलता येते. मदत मागितल्याने वर्ष वाया जात नाही.

उजळणी कधी करावी? सगळा पोर्शन संपल्यावर केली तर चालेल का?

चालणार नाही. हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवरच केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांत असे दिसले की विसरण्याचा वेग पहिल्या काही तासांत आणि दिवसांत सर्वाधिक असतो आणि नंतर तो मंदावतो. जुलैत शिकलेले प्रकरण डिसेंबरात उघडले तर ते जवळजवळ नव्याने शिकावे लागते. म्हणून शिकवल्या दिवशी, दोन-तीन दिवसांनी, रविवारी आणि महिनाअखेर असे त्याच प्रकरणाला पुन्हा भेटावे. प्रत्येक भेट आधीच्यापेक्षा लहान होत जाते.

उजळणी म्हणजे पुन्हा वाचणे, अशी समजूत आहे. ती नुकसान करते. रोडिगर आणि कार्पिके या संशोधकांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा दोनदा वाचला आणि दुसऱ्याने एकदा वाचून पुस्तक मिटले व आठवेल ते लिहून काढले. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत दोनदा वाचणारे पुढे होते: ८१ टक्के विरुद्ध ७५ टक्के. आठवड्याने मात्र चित्र उलटले. दोनदा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवले आणि लिहून काढणाऱ्यांना ५६ टक्के. पुन्हा वाचताना सगळे ओळखीचे वाटते आणि 'येतंय मला' असा भास होतो. पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर सूत्राची सिद्धता लिहायला घेतली की तिसऱ्या ओळीवर हात थांबतो, आणि तो थांबला हेच उजळणीतून कळायला हवे असते.

चाचणीचा पेपर हातात आल्यावर काय करावे? गुण कमी असले की तो पाहावासा वाटत नाही.

त्याच दिवशी पाहावा. आठवड्याने तो परका वाटतो. गुणांच्या आकड्यावर हात ठेवावा आणि प्रत्येक गमावलेल्या गुणापुढे चारपैकी एक खूण करावी: समजलेच नव्हते, समजले होते पण आठवले नाही, येत होते पण घाईत चुकले, वेळ पुरला नाही. या चार कारणांचे उपाय अगदी निरनिराळे आहेत. पहिल्यासाठी शिक्षकांकडे जावे लागते, दुसऱ्यासाठी उजळणी, तिसऱ्यासाठी लिहिण्याच्या सवयी सुधाराव्या लागतात आणि चौथ्यासाठी घड्याळ लावून सराव करावा लागतो. चारही कारणांवर "आता जास्त अभ्यास करीन" हे एकच औषध घेतल्याने मुलांचे महिने जातात आणि गुण तेथेच राहतात. सेंटीमीटरचे मीटर न केल्यामुळे एकाच विद्यार्थ्याने तीन चाचण्यांत मिळून अकरा गुण घालवल्याचे मी पाहिले आहे. त्याने उत्तरपत्रिकेत 'दिलेली माहिती' लिहितानाच एकके बदलायची सवय लावून घेतली आणि चौथ्या चाचणीत ती चूक झाली नाही.

वेळ न पुरण्याबद्दल थोडे आकडे जवळ ठेवावेत. मंडळाचा भौतिकशास्त्राचा लेखी पेपर ७० गुणांचा आणि तीन तासांचा असतो. वाचायला आणि तपासायला वीस मिनिटे राखली तर एका गुणाला सव्वादोन मिनिटे, म्हणजे चार गुणांच्या प्रश्नाला नऊ मिनिटे मिळतात. एमएचटी-सीईटीत भौतिक व रसायनशास्त्राचे मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात, म्हणजे प्रश्नाला ५४ सेकंद. गणिताच्या ५० प्रश्नांना तेवढीच ९० मिनिटे, म्हणजे प्रत्येकी १०८ सेकंद. तेथे चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नये. नऊ मिनिटांत मुद्देसूद लिहिणे आणि ५४ सेकंदांत नेमका पर्याय निवडणे ही दोन वेगळी कौशल्ये आहेत. दोन्हींचा सराव वेगवेगळ्या दिवशी करावा.

सलग किती वेळ बसावे?

फ्रान्सेस्को चिरिलो या इटालियन तरुणाने १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात टोमॅटोच्या आकाराचे स्वयंपाकघरातले घड्याळ लावून २५ मिनिटे काम आणि मग लहान विश्रांती अशी पद्धत बसवली. पाठांतराला आणि वाचनाला ती चांगली लागू पडते. गणिताची लांब उदाहरणे मात्र पंचवीस मिनिटांनी मध्येच तुटतात, तेथे पन्नास मिनिटे बसावे.

मोबाईलचे काय करावे? नोट्स आणि व्याख्याने त्याच्यावरच येतात.

हे खरे आहे, म्हणून "मोबाईल बंद करून टाका" असा सल्ला मी देत नाही. क्लासच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेल्या नोट्स दिवसातून एकदाच, ठरलेल्या वेळी उतरवून घ्याव्यात. शक्य असल्यास लागणारी पाने झेरॉक्स करून घ्यावीत. काही रुपयांत तो विषय मोबाईलबाहेर येतो. व्याख्यान पाहताना हातात पेन असावे आणि दर दहा मिनिटांनी ते थांबवून दोन ओळी लिहाव्यात. एरवी मोबाईल दुसऱ्या खोलीत, आईजवळ किंवा आजीजवळ राहू द्यावा. पालथा घालून टेबलावर ठेवलेला मोबाईल दूर ठेवल्यात जमा नाही.

पहाटे उठून अभ्यास करावा की रात्री जागून?

दोन्हींपैकी जे घरात शांततेने जमेल ते करावे, मात्र झोपेला कात्री लावू नये. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने २०१६ मध्ये १३ ते १८ वर्षे वयासाठी ८ ते १० तासांची झोप सुचवली आहे. आपल्याकडे पहाटेच्या अभ्यासाचे कौतुक होते आणि ते योग्यही आहे, परंतु साडेअकराला झोपून चारला उठणारा मुलगा पहिल्या तासाला बाकावर पेंगतो, हे मला फळ्याजवळून रोज दिसते. चारला उठायचे असेल तर आठला दिवा मालवावा लागेल. ते शक्य नसेल तर साडेपाचला उठावे.

सणवार, लग्ने आणि शेतीची कामे यांत अभ्यास मोडतो. तो कसा सांभाळावा?

ही कामे अचानक येत नाहीत. गौरी-गणपती, दिवाळी आणि ऑक्टोबरमधील सोयाबीनची काढणी यांच्या तारखा थोड्याफार आधीच माहीत असतात. त्या जूनमध्येच दिनदर्शिकेवर लिहाव्यात आणि त्या आठवड्यांना दोन-तीन प्रकरणांऐवजी एकच प्रकरण द्यावे. घरात माणसे कमी असतील तर मुलांनी शेतात जाऊ नये असे मी म्हणणार नाही. त्या घराचे वर्ष त्या पिकावर चालते. काढणीच्या दिवसांत नवीन प्रकरण सुरू करू नये, रात्री अर्धा तास जुन्या सूत्रांची उजळणी करावी आणि वहीत "सोयाबीन, ७ तास" अशी स्पष्ट नोंद करावी. ती नोंद नसली तर महिन्याने मागे पाहताना तो आठवडा वाया घालवल्यासारखा वाटतो, आणि तो वाया गेलेला नसतो.

पालकांनी ही वही वाचावी का?

मुलाने स्वतः दाखवली तरच वाचावी. एकदा ती तपासली जाणार हे कळले की मुले खरे लिहिणे सोडतात आणि वहीचा सगळा उपयोग संपतो. आई-वडिलांनी "किती तास झाला अभ्यास?" असे विचारण्याऐवजी "आज काय अडले?" असे विचारावे. अडलेले सांगायला मुलांना अभ्यास केलेला असावा लागतो, आणि न रागावता ऐकले जाईल याची खात्रीही असावी लागते.

प्रत्यक्ष परीक्षेच्या काळातही वही लिहावी का?

लिहावी, पण अगदी थोडी. प्रात्यक्षिक परीक्षा संपल्यावर रोजच्या नोंदीची गरज राहत नाही. रात्रीच्या तीन उत्तरांना पाच मिनिटे पुरतात. लेखी पेपर देऊन आल्यावर केंद्राबाहेर उत्तरे पडताळत उभे राहू नये. घरी येऊन जेवावे आणि वहीत पुढच्या पेपरला उपयोगी पडतील अशाच ओळी लिहाव्यात: कोणत्या विभागात वेळ कमी पडला, पुरवणी केव्हा मागितली, पाण्याची बाटली नेली होती का. गेलेल्या पेपरातल्या उत्तरांबद्दल काहीही लिहू नये. त्याखाली पुढच्या पेपरची तारीख, बैठक क्रमांक आणि सकाळच्या गाडीची वेळ लिहून वही मिटावी.